एका कक्षेतले दोन शेजारी

एकाच रुळावरून दोन गाड्या एकाच दिशेने चालल्या आहेत. मागची किंचित जलद, पुढची किंचित हळू. सिग्नल नाही, बाजूला घ्यायला दुसरा रूळ नाही. आज ना उद्या टक्कर होणार, असे कोणीही सांगेल. शनीच्या जेनस आणि एपिमेथियस या दोन छोट्या उपग्रहांची स्थिती जवळजवळ अशीच आहे. तरीही ते एकमेकांवर आदळत नाहीत.

डिसेंबर १९६६ मध्ये शनीची कडी पृथ्वीवरून कडेने दिसत होती. अशा वेळी कड्यांची चमक ओसरते आणि ग्रहाजवळचे अंधूक उपग्रह सापडू शकतात. दोल्फ्यूस या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञांना तेव्हा एक नवा उपग्रह दिसला. त्याच महिन्यात वॉकर यांनाही एक दिसला. दोघांनी एकच उपग्रह पाहिला असे सर्वांनी धरले, पण निरीक्षणे काही केल्या एका कक्षेत बसेनात. बसणार कशी? उपग्रह दोन होते! हे १९७८ साली फाउंटन आणि लार्सन यांनी सुचवले आणि १९८० साली व्हॉयेजर-१ यानाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

जेनसचा सरासरी व्यास सुमारे १८० किलोमीटर, एपिमेथियसचा सुमारे ११६. दोन्ही बटाट्यासारखे ओबडधोबड. शनीच्या केंद्रापासून सुमारे १,५१,४०० किलोमीटरवरून ते साधारण १६ तास ४० मिनिटांत एक फेरी मारतात. त्यांच्या कक्षांमधला फरक मात्र अवघा ५० किलोमीटर, म्हणजे दोघांपैकी कोणाच्याही व्यासाहून कमी! शेजारून पुढे निघून जायला जागाच नाही.

केप्लरचा तिसरा नियम इथे फळ्यावर वापरून पाहण्यासारखा आहे. अंतरातला फरक सुमारे ३००० मध्ये १. परिभ्रमणकालातला फरक त्याच्या दीडपट, म्हणजे २००० मध्ये १. फेरी ६०,००० सेकंदांची, म्हणून आतला उपग्रह दर फेरीत ३० सेकंद वाचवतो. बाहेरच्याला गाठायला त्याला सुमारे २००० फेऱ्या, म्हणजे चार वर्षांना थोडी कमी, लागतात.

गाठल्यावर काय होते? बाहेरचा उपग्रह आतल्याला पुढे ओढतो. विद्यार्थी म्हणतील, मग आतल्याचा वेग वाढेल आणि टक्कर आणखी लवकर होईल. इथे घाईने उत्तर सांगू नये. वर्गाला थोडे झगडू द्यावे. पुढे ओढल्यामुळे आतल्याला ऊर्जा मिळते हे खरेच. पण त्या ऊर्जेमुळे तो शनीपासून दूर सरकतो आणि वर फेकलेल्या चेंडूसारखा चढता चढता मंदावतो; इतका, की शेवटी त्याचा वेग पहिल्यापेक्षा कमी होतो. वरच्या कक्षेत वेग कमीच असतो. पृथ्वीपासून ४०० किलोमीटर उंचीवरचा कृत्रिम उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने धावतो, चंद्र मात्र सेकंदाला एकच किलोमीटर जातो.

बाहेरच्याचे याउलट होते. तो मागे ओढला जातो, ऊर्जा गमावतो, खाली उतरतो आणि जलद होतो. पाठलाग करणारा आता बाहेरच्या कक्षेत रेंगाळतो आणि पुढचा आतल्या कक्षेतून पळ काढतो. परस्परांच्या आकर्षणामुळेच ते दूर जातात! दोघांमध्ये हजारो किलोमीटरचे अंतर असतानाच हे घडते. सुमारे चार वर्षांनी पळालेला उपग्रह फिरून दुसऱ्या बाजूने मागून येतो आणि पुन्हा अदलाबदल होते. कॅसिनी यान २००४ ते २०१७ या काळात शनीभोवती फिरत होते. तेवढ्यात २००६, २०१० आणि २०१४ अशा तीन अदलाबदली झाल्या.

जेनसचे वस्तुमान साडेतीन पटींहून थोडे अधिक, म्हणून तो प्रत्येक वेळी सुमारे २० किलोमीटर सरकतो आणि एपिमेथियस सुमारे ८०. बेरीज ५० न येता १०० का येते, हा प्रश्न वर्गाला जरूर घालावा. मात्र दोन मुलांना दोरी बांधून मैदानावर हे दाखवण्याचा मोह टाळलेला बरा: पुढे ओढलेला मुलगा जलदच धावेल, कारण मैदानाला चढायला वरची कक्षा नसते.