घर विकण्याची वेळ आणि घराची किंमत

'घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून' ही म्हण सर्वांच्या परिचयाची आहे. या दोन कार्यांत किती खर्च, किती दगदग आणि किती पश्चात्ताप सांठवलेला असतो, हें तिनें थोडक्यांत सांगून ठेवलें आहे. परंतु ही म्हण रूढ झाली त्या काळीं घर बहुधा एकदांच बांधलें जाई व तें पिढ्यान्‌पिढ्या त्याच घराण्यांत राही. आतां तशी स्थिति उरलेली नाहीं. नोकरीच्या बदलीमुळें, मुलांच्या शिक्षणासाठीं, भावाभावांच्या वाटणीकरितां, किंवा वार्धक्यांत जिना चढवत नाहीं म्हणून, शहरांतील मध्यमवर्गीय कुटुंबाला आयुष्यांत एकदोनदां तरी घर विकावें आणि घ्यावें लागतें. मंडईंत दहा रुपयांसाठीं घासाघीस करणारा गृहस्थ या प्रसंगीं मात्र आयुष्याची सारी पुंजी दोनचार दिवसांच्या घाईंत, परक्याच्या सल्ल्यानें, मोकळी करून टाकतो.

किती किंमत सांगावी आणि केव्हां विकावें, हे दोन प्रश्न अशा वेळीं त्याच्यापुढें उभे राहतात. लोक त्यांचा विचार वेगवेगळा करतात. पण वस्तुतः ते एकाच तागडीचीं दोन पारडीं आहेत. ज्याच्याजवळ थांबावयास वेळ आहे त्याला किंमत मिळते, आणि ज्याचा वेळ संपला त्याची किंमत समोरचा माणूस ठरवतो. हें एक सूत्र नीट ध्यानांत आलें, म्हणजे बाकीच्या गोष्टी आपोआप उलगडूं लागतात.

प्रथम किमतीचा विचार करूं. एकाच घराला तीन निरनिराळ्या किमती असतात. पहिली सरकारी. मुद्रांक शुल्काच्या आकारणीसाठीं महाराष्ट्र सरकार भागवार मूल्यदरांचे वार्षिक तक्ते प्रसिद्ध करतें. व्यवहारांत त्यांस 'रेडी रेकनर' म्हणतात. हे दर सामान्यतः १ एप्रिलला बदलतात. २०२३ आणि २०२४ या दोन वर्षीं ते आहेत तसेच ठेवण्यांत आले व १ एप्रिल २०२५ पासून वाढले. ठरलेली किंमत आणि हें सरकारी मूल्य यांपैकीं जें अधिक असेल त्यावर शुल्क भरावें लागतें. या तक्त्यांत इमारतीच्या वयासारख्या गोष्टी धरल्या जातात. परंतु सकाळचें ऊन कोणत्या खिडकींतून येतें, किंवा खालच्या रस्त्यावर रात्रीं किती गोंगाट असतो, हें त्याला ठाऊक नसतें. म्हणून तो बाजारभावाचा पुरावा नव्हे. मात्र त्याकडे दुर्लक्ष करूनही चालत नाहीं. सरकारी मूल्य हें ठरलेल्या किमतीहून दहा टक्क्यांपेक्षां अधिक भरलें, तर आयकराच्या दृष्टीनें विकणाऱ्याला तें वरचेंच मूल्य मिळालें असें धरतात, आणि घेणाऱ्यावरही फरकाबद्दल कर बसूं शकतो.

दुसरी किंमत जाहिरातींतली. शेजारच्या इमारतींत अमुक घराला एक कोट सांगत आहेत, असें ऐकून पुष्कळ लोक आपल्या घराचें मोल ठरवतात. परंतु सांगितलेली किंमत ही विकणाऱ्याची केवळ इच्छा होय. तें घर आठ महिने तसेंच पडून असेल, तर एक कोटीला तें जात नाहीं एवढेंच त्यावरून सिद्ध होतें.

तिसरी आणि खरी उपयोगी किंमत ती, जी दुय्यम निबंधकाच्या कचेरींत नोंदली गेली. खरेदीच्या प्रत्येक दस्ताचा सारांश 'सूची क्रमांक दोन' या नांवाच्या उताऱ्यांत असतो. लोक त्याला 'इंडेक्स टू' म्हणतात. त्यांत ठरलेली रक्कम आणि सरकारी मूल्य हीं दोन्ही दिलेलीं असतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरही असा शोध घेतां येतो. आपल्याच इमारतींतील किंवा गल्लींतील, गेल्या सहा ते बारा महिन्यांतील चारपांच दस्त पाहिले, तर घराचें मोल कोणत्या दोन आंकड्यांच्या मध्यें आहे हें समजतें. दलालाच्या शंभर शब्दांपेक्षां असे चार उतारे अधिक बोलके असतात.

तुलना करतांना क्षेत्रफळाचा घोटाळा मात्र टाळला पाहिजे. समजा, ९०० चौरस फुटांची म्हणून सांगितलेली सदनिका ७२ लाखांना आहे. वरवर पाहतां दर चौरस फुटाला ८,००० रुपये पडला. पण त्या ९०० फुटांत जिना, भिंती आणि सामाईक जागा धरलेली असेल व आंतील प्रत्यक्ष वापराचें क्षेत्र, म्हणजे कार्पेट क्षेत्र, ७०० फूटच भरत असेल, तर खरा दर सुमारें १०,२८६ रुपये होतो. म्हणून एका घराचें कार्पेट क्षेत्र दुसऱ्याच्या कार्पेट क्षेत्राशींच ताडून पाहावें.

आतां किती सांगावें? 'आधीं भरपूर सांगावें, मग उतरतां येतें' असा सर्वसाधारण समज आहे. थोडी घासाघीस होणार हें धरून तीनचार टक्के वर सांगणें वाजवीच आहे. परंतु दहापंधरा टक्के वर सांगणारा स्वतःचेंच नुकसान करतो. घर विक्रीस निघालें कीं पहिल्या महिनाभरांत त्या भागांत घर शोधत असलेले बहुतेक सर्व गरजू लोक तें पाहून जातात. किंमत अवाच्या सवा दिसली कीं ते परत फिरतात आणि दुसरीकडे व्यवहार करून मोकळे होतात. मागाहून किंमत उतरवली तरी ते पुन्हा येत नाहींत. जे येतात ते विचारतात, 'इतके दिवस कां बरें गेलें नाहीं? कांहीं खोट तर नसेल?'

वाट पाहण्यालाही पैसे पडतात. समजा, एक रिकामें घर ८० लाखांना सहज जाण्यासारखें आहे. पण मालक ८८ लाखांसाठीं वर्षभर थांबला. ८० लाखांवर सात टक्क्यांनीं मिळालें असतें तें व्याज ५ लाख ६० हजार. संस्थेचें मासिक शुल्क चार हजार धरलें तर वर्षाचे ४८ हजार. म्हणजे आठ लाखांच्या केवळ आशेपायीं ६ लाख ८ हजार निश्चितपणें गेले; घरपट्टी आणि डागडुजी वेगळीच. थांबूं नये असा याचा अर्थ नव्हे. थांबण्याची किंमत मोजून मग थांबावें, एवढाच अर्थ.

यापुढें वेळेचा विचार. महाराष्ट्रांत घराच्या बाजाराचेंही एक पंचांग आहे. पितृपक्षांत पुष्कळ लोक व्यवहार पुढें ढकलतात. दसरा, पाडवा आणि अक्षय्य तृतीया या मुहूर्तांच्या सुमारास गिऱ्हाईक वाढतें. शाळा जूनमध्यें सुरू होतात, म्हणून मुलांबाळांच्या कुटुंबांना एप्रिल-मेमध्यें घर बदलावयाचें असतें व त्यांचा शोध त्याआधीं तीनचार महिने चालूं होतो. विकणाऱ्यानें पौष-माघांत घर दाखवावयास काढलें, तर तें या लोकांच्या नजरेस पडतें. घेणाऱ्याचें हित नेमकें याच्या उलट असतें. भर पावसाळ्यांत गर्दी थोडी असते, आणि कोणती भिंत ओल धरते, गच्ची कोठें गळते, अंगणांत पाणी किती तुंबतें, हें कोणास न विचारतां डोळ्यांनीं दिसतें. आषाढांत पाहिलेलें घर सहसा फसवत नाहीं.

सरकारी सवलतींमुळेंही वेळेचा मोह पडतो. २०२० सालच्या सप्टेंबरपासून डिसेंबरअखेर महाराष्ट्रानें मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनीं कमी केलें, व २०२१ च्या जानेवारी ते मार्चपर्यंत दोन टक्क्यांची सूट ठेवली. मुंबईंत डिसेंबर २०२० या एका महिन्यांत साडेएकोणीस हजारांहून अधिक घरांचे दस्त नोंदले गेले. ७० लाखांच्या घरावर तीन टक्के म्हणजे २ लाख १० हजार रुपये. ही कांहीं लहान रक्कम नव्हे. परंतु गर्दी वाढली कीं विकणारा ताठ होतो. एरवीं त्यानें दोन लाख सोडले असते, ते तो सोडत नाहीं, आणि सरकारनें घेणाऱ्याला दिलेली सूट विकणाऱ्याच्या खिशांत जाते. सवलतीची तारीख गांठण्यासाठीं कागदपत्रें न तपासतां घेतलेलें घर तर सवलतीहून कितीतरी महाग पडतें.

व्याजाच्या दराचेंही असेंच आहे. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२० मध्यें चार टक्क्यांवर आला होता. तोच फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा टक्क्यांवर गेला. ५० लाखांचें वीस वर्षांचें कर्ज सात टक्क्यांनीं घेतलें तर मासिक हप्ता सुमारें ३८,७६५ रुपये होतो, आणि नऊ टक्क्यांनीं सुमारें ४४,९८६. बहुतेक गृहकर्जांचे दर पुढें बदलत असल्यामुळें स्वस्त व्याजाचा मुहूर्त साधला असें कोणी समजूं नये. दर दोन टक्क्यांनीं चढला तरी हप्ता पेलेल, एवढेंच कर्ज काढावें. शिवाय हातीं रोकड किती लागेल हेंही आधीं पाहावें. ७० लाखांच्या घराला बँक ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ५६ लाख, देऊं शकते. उरलेले १४ लाख स्वतःचे. त्यावर पुण्यांत पुरुषाच्या नांवें घर घेतल्यास सात टक्क्यांप्रमाणें मुद्रांक शुल्क ४ लाख ९० हजार व नोंदणी शुल्क ३० हजार. म्हणजे १९ लाखांवर रक्कम जवळ नसतांना विसार देणें हें धाडसच होय.

बाजार चढा असतांना विकावें कीं उतरता असतांना, या प्रश्नानें पुष्कळांची झोप उडते. परंतु जो एक घर विकून त्याच गांवांत दुसरें घेणार आहे, त्यानें बाजाराकडे न पाहतां दोन घरांतील अंतराकडे पाहावें. ८० लाखांचें घर विकून १२० लाखांचें घ्यावयाचें असेल, तर ४० लाख घालावे लागतात. बाजार दहा टक्के उतरला तर तींच घरें ७२ आणि १०८ लाखांचीं होतात. अंतर ३६ लाखांचें राहतें. विकतांना आठ लाख कमी आले म्हणून हळहळणारा गृहस्थ खरें पाहतां चार लाखांनीं फायद्यांत असतो. याउलट, मोठें घर विकून लहान घेणाऱ्या वृद्ध जोडप्याला चढा बाजारच अनुकूल.

अशाच एका जोडप्याचें उदाहरण कल्पूं. पुण्यांत तिसऱ्या मजल्यावर, उद्वाहन नसलेल्या इमारतींत तें राहतें. पत्नीचे गुडघे दुखतात. जिना उतरणें आठवड्यांतून एकदांच होतें. तळमजल्यावरचें एक घर दिसतें, मनांत भरतें, आणि पति पांच लाखांचा विसार देऊन बसतो. तीन महिन्यांत उरलेली रक्कम भरावयाची, न भरल्यास विसार बुडाला, असा करार. जुनें घर ८० लाखांचें. पण पहिले दोन महिने गिऱ्हाईक चर्चाच करीत राहतें. तिसऱ्या महिन्यांत एक जण येतो, त्याला ही अडचण कळते, आणि तो ७२ लाखांवर एक रुपया चढत नाहीं. अडला हरी गाढवाचे पाय धरी! हे आठ लाख बाजारानें खाल्ले नाहींत; एका तारखेनें खाल्ले.

हेंच जोडपें आधीं विकून मग घेतें तर? घर सोडण्याची मुदत साठेखतांत सहा महिने लांबवून घेतां आली असती. तेंही न जमलें तर वीस हजार भाड्याच्या जागेंत सहा महिने काढावे लागले असते. त्याचे १ लाख २० हजार व सामान हलविण्याचा खर्च. आयकराचा कायदाही येथें घाई करावयास लावीत नाहीं. दोन वर्षांहून अधिक काळ जवळ असलेलें राहतें घर विकून झालेला नफा नव्या घरांत घालणाऱ्यास, विक्रीपूर्वीं एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत घर घेतल्यास, अथवा तीन वर्षांत बांधल्यास, करांत सूट मिळते. कायदा दोन वर्षें देत असतां गृहस्थानें स्वतःला तीन महिन्यांच्या कोंडींत कां घालून घ्यावें?

वेळ हातीं ठेवण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे कागद आधीं जुळविणें. मागील सर्व खरेदीखतें, संस्थेचा भागदाखला, घरपट्टीच्या पावत्या, कर्ज फिटल्याचें बँकेचें पत्र, मालक वारला असल्यास वारसांचे कागद, हें सारें जाहिरातीपूर्वींच एका पिशवींत असावें. ठरलेला व्यवहार कागदासाठीं दोन महिने अडला कीं गिऱ्हाईकाचें मन पालटतें, नाहीं तर किंमत पालटते. घेणाऱ्यानेंही ध्यानांत ठेवावें कीं, १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणें नुसत्या विक्रीच्या करारानें घरावर मालकी येत नाहीं. त्यासाठीं नोंदलेलें खरेदीखतच लागतें. आणि 'थोडे रोख द्या' या आग्रहाला कोणीं बळी पडूं नये. घराच्या व्यवहारांत वीस हजार वा अधिक रक्कम रोखीनें घेणाऱ्यास तेवढाच दंड होऊं शकतो. शिवाय कागदावर कमी किंमत दिसल्यामुळें पुढें घर विकतांना नफा फुगून दिसतो, व त्याचा कर आजच्या घेणाऱ्यालाच भरावा लागतो.

तात्पर्य, बाजाराची वेळ कोणाच्या हातीं नाहीं. स्वतःची वेळ मात्र पुष्कळ अंशीं आपल्या हातीं असते. नोंदलेल्या दस्तांवरून मोल जाणावें, त्याच्या जवळपासच सांगावें, कागद आधीं जुळवावे, एकाच तारखेला दोन घरें बांधून ठेवूं नयेत, आणि गुडघे पार थकण्यापूर्वींच जिन्याचा विचार करावा. जुन्या म्हणींत तिसरें पद घालण्यास आतां हरकत नाहीं: लग्न पाहावें करून, घर पाहावें बांधून, आणि विकून पाहावयाचें तर सवडीनें विकून.