बी किती झाडांचं?

चाकण एमआयडीसीत करंजाची पाचशे रोपं लागली की आपण आकडा मोजतो. मला आधी विचारावंसं वाटतं, बी किती झाडांचं? सगळ्या शेंगा एकाच करंजाखाली वेचल्या असतील, तर ती पाचशे भावंडं. पुढे त्यांचा आपसांत संकर झाला की बी कमी धरतं, रोपं खुरटतात.

रोग आला तर हे फार महागात पडतं. 1992मध्ये पोलंडमध्ये अ‍ॅशची झाडं वाळताना दिसली. त्यामागे एक बुरशी होती; तिनं पुढे युरोपभर ही झाडं मारली. जी मोजकी तग धरून राहिली, त्यांच्यातला प्रतिकार बराचसा आनुवंशिक आहे. एकाच झाडाच्या बियांत तो नसेल, तर सगळीच रोपं धोक्यात.

दूरच्या झाडाशी संकर व्हावा, यासाठी उंबराची सोय निराळी आहे. कोवळ्या फळाच्या टोकाशी बारीक छिद्र असतं. जेमतेम दोन मिलिमीटरची कीटक-मादी त्यातून रेटून आत शिरते. शिरताना तिचे पंख तुटतात. आत ती अंडी घालते, परागही पोचवते. तिच्या लेकी नवे पराग घेऊन वाऱ्यावर कित्येक किलोमीटर जातात. म्हणून इंद्रायणीकाठचा एकटा उंबरही पार दूरच्या उंबराशी नातं ठेवू शकतो. करंजाचे पराग मधमाश्या नेतात, आणि त्यांची धाव एवढी लांब नसते.

भीमाशंकरच्या डोंगरात आहुपेसारख्या देवराया अजून आहेत. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास मांडला. वेगवेगळ्या झाडांचं बी मिळावं म्हणून अशी जुनी रानं राखावीत आणि रोपवाटिकेसाठी बी निदान पंचवीस-तीस झाडांचं, एकमेकांपासून शंभरेक मीटर लांबच्या झाडांचं घ्यावं. पिशवीवर गावाचं नाव आणि झाडांची संख्या लिहायला खर्च येत नाही.