लॅपटॉप घेताना आधी भाषा विचारा

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या भावाला बेळगावात अभियांत्रिकीच्या यांत्रिकी शाखेत प्रवेश मिळाला आणि घरात लॅपटॉपचा विषय निघाला. आमचे घर निपाणीजवळच्या खेड्यात. तंबाखूचे पैसे हाती आले की मगच मोठी खरेदी. आप्पा मला म्हणाले, "तू कॉम्प्युटर शिकतीस, तूच सांग. पण एकदाच घेणार. चार वर्षं चालायला पाहिजे." गणकशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून ही माझी खरी परीक्षाच होती. त्या निमित्ताने जे समजले, ते विद्यार्थी बंधुभगिनींच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेख.

दुकानात दोन यंत्रे समोर आली. एक सव्वा किलोचे, दिवसभर बॅटरी टिकणारे. दुसरे सव्वादोन किलोचे, चार्जरचे ओझे निराळे. निपाणी-बेळगाव एस.टी.चा प्रवास डोळ्यांपुढे आणून भावाने हलक्यावर बोट ठेवले. मीही 'हो' म्हणणार होते.

पण प्रोसेसरला भाषा असते, हे आधी समजून घ्यायला हवे. प्रत्येक प्रोसेसर ठराविक आज्ञाच जाणतो. लॅपटॉपमध्ये आज दोन भाषा प्रमुख आहेत. पहिली 'एक्स-८६', इंटेलच्या १९७८ सालच्या ८०८६ या चिपवरून हे नाव पडले. ए.एम.डी.चे प्रोसेसरही हीच भाषा बोलतात. दुसरी 'आर्म', इंग्लंडमधील केंब्रिज येथे एकॉर्न कंपनीत तिचा जन्म झाला आणि १९८५ साली पहिली चिप तयार झाली. पुढे ती मोबाईल फोनांत पसरली. २०२० साली ॲपलने 'एम-१' चिपद्वारे ती आपल्या लॅपटॉपमध्ये आणली, तर २०२४ साली क्वालकॉमच्या 'स्नॅपड्रॅगन एक्स'मुळे विंडोजच्या लॅपटॉपमध्ये तिने नव्याने जोर धरला.

भाषा वेगळी असली की काय होते, हे आम्हा सीमाभागातील लोकांना सांगायला नको! मराठी अर्ज केवळ कन्नड जाणणाऱ्या कारकुनापुढे गेला, तर दुभाषी लागतो. काम होते, पण सावकाश. आर्मच्या यंत्रावर एक्स-८६चे प्रोग्रॅम असेच चालतात. ॲपलचा 'रोझेटा' आणि मायक्रोसॉफ्टचा 'प्रिझम' हे असे दुभाषी होत. लेखन, इंटरनेट, व्याख्याने पाहणे यांत अडचण येत नाही. मात्र उपकरण चालवणारा ड्रायव्हर त्याच भाषेत लिहिलेला असावा लागतो. तेथे दुभाषी चालत नाही. प्रयोगशाळेतील जुने मापनयंत्र किंवा जुन्या प्रोग्रॅमची यूएसबी किल्ली नेमकी येथे अडू शकते. ॲपलच्या यंत्रात तर विंडोजच नसते, हा आणखी निराळा प्रश्न.

आता बॅटरी. हा हिशेब सातवीतला मुलगाही करील. बॅटरी ५० वॅट-तासांची असेल आणि यंत्र सरासरी ५ वॅट खात असेल, तर ती १० तास टिकेल. १० वॅट खाल्ले तर ५ तास. ५० वॅट खाल्ले तर अवघा एक तास. इंटेलच्या अनेक मॉडेलांत नावाअखेरचे 'यू' म्हणजे साधारण १५ वॅटचा प्रोसेसर आणि 'एच' म्हणजे ४५ वॅटच्या आसपासचा. जास्त वॅट म्हणजे जड कामात वेग; पण उष्णता, पंख्याचा आवाज आणि वजन हेही सोबत येते. आर्म म्हणजे दुबळा, हा समज चुकीचा आहे. तसेच बॅटरी केवळ आर्मचीच टिकते असेही नाही. २०२४ साली आलेले इंटेलचे 'कोअर अल्ट्रा २००-व्ही' हे एक्स-८६ असूनही कमी वीज खाणारे आहेत.

मी भावाला वरच्या वर्गातील मुलांकडून चार वर्षांत लागणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी आणायला सांगितले. त्यांतील यंत्ररेखनाचा मुख्य प्रोग्रॅम विंडोज आणि एक्स-८६ मागत होता. प्रश्न तेथेच सुटला. आम्ही पहिली दोन्ही यंत्रे सोडून मधल्या वॅटचे, दीड किलोचे, १६ जी.बी. मेमरीचे एक्स-८६ यंत्र घेतले. मेमरी पुढे वाढवता येईल, हेही पाहून घेतले. कारण बऱ्याच पातळ यंत्रांत ती पक्की जोडलेली असते.

माझ्यापुरते विचाराल, तर माझ्या लेखन-वाचनाला ते हलके आर्मचे यंत्रच पुरले असते. म्हणून 'चांगला लॅपटॉप कोणता?' असे दुकानदाराला विचारण्यापूर्वी 'माझे काम कोणत्या भाषेत चालते?' हे स्वतःला विचारावे. पैसे आईवडिलांच्या घामाचे असतात; यादी करायला मात्र एक कागद पुरतो.