गोळी थांबवावी का? निर्णय घाईने नको, एकट्यानेही नको

१९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आसऱ्याने सुटे भाग बनविणाऱ्या लहान-मोठ्या शेड उभ्या राहिल्या. अशाच एका शेडचे मालक असलेले, बजाजनगरात राहणारे एक गृहस्थ क्षणभर कल्पनेने डोळ्यांसमोर आणू या. ऑर्डर थांबल्या, बँकेचे हप्ते थकले, झोप उडाली. मग जेवणावरची आणि माणसांवरची वासनाही उडाली. मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याचे निदान केले आणि रोज रात्री एक गोळी सुरू झाली. आज दहा महिन्यांनंतर ते पुन्हा शेडवर जातात, नातवंडांशी हसतात.

आता पर्युषण तोंडावर आले आहे. त्यांच्या मनात अठाई करावयाची आहे. घरातील वडीलधारी म्हणतात, "आता तर तुम्ही छान आहात. ही गोळी काय जन्मभर घेणार?" पत्नी मात्र गप्प असतात. गेल्या वर्षीच्या रात्री त्या विसरलेल्या नाहीत.

असे घर आपल्या समाजात विरळा नाही. औषध थांबवावे का, हा प्रश्न विचारण्यात काही गैर नाही. कोणाचे वजन वाढते, कोणाला दिवसभर सुस्ती असते, कोणाला केवळ बरे वाटते म्हणून औषध नकोसे होते. ही सारी कारणे डॉक्टरांपुढे मोकळेपणाने मांडण्याजोगी आहेत. परंतु "लोक काय म्हणतील" ही लाज किंवा "पुन्हा तसे झाले तर" ही भीती, या दोहोंपैकी एकीनेही आपल्या वतीने निर्णय घेऊ नये.

पहिली गोष्ट काळाची. बरे वाटू लागणे आणि आजार पुरता मावळणे यांत अंतर असते. म्हणून पहिल्याच वेळच्या नैराश्यात बरे वाटल्यानंतरही किमान सहा महिने औषध चालू ठेवावे, असा सर्वसाधारण वैद्यकीय सल्ला असतो. आजार वारंवार उलटत असेल तर ही मुदत दोन वर्षे किंवा त्याहून अधिक असू शकते. ब्रिटनमधील एका अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. दीर्घकाळ औषध घेणाऱ्या आणि ते थांबविण्याइतपत बरे वाटणाऱ्या ४७८ रुग्णांचा तो अभ्यास होता. औषध चालू ठेवणाऱ्यांपैकी ३९ टक्के लोकांना वर्षभरात आजार उलटला. औषध हळूहळू बंद करणाऱ्यांत हे प्रमाण ५६ टक्के होते. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावेत. थांबविण्यात धोका निश्चित वाढतो. तरीही थांबविणाऱ्यांपैकी पुष्कळांचे वर्ष सुखरूप गेले.

दुसरी गोष्ट रीतीची. या गोळ्यांचे दारू-तंबाखूसारखे व्यसन लागत नाही. पण शरीराला त्यांची सवय होते. एकाएकी बंद केल्यास काहींना चक्कर, मळमळ, चिडचिड, भयंकर स्वप्ने, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी जाणीव असे त्रास होतात. ते बहुधा काही दिवसांतच सुरू होतात. उलटलेला आजार मात्र पुष्कळदा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, हळूहळू डोके वर काढतो. हा फरक ओळखण्याचे काम डॉक्टरांचे आहे. म्हणून मात्रा पायरीपायरीने, आठवडे-महिने घेऊन कमी करावी लागते. शेवटच्या पायऱ्या तर सर्वांत लहान ठेवाव्या लागतात. एक दिवसाआड गोळी घेण्याचा घरगुती उपाय मात्र टाळावा, कारण त्याने औषधाचे शरीरातील प्रमाण सारखे वरखाली होते.

तिसरी गोष्ट आपल्या घराची. चौविहार पाळणाऱ्यांची रात्रीची गोळी चुकते. उपवासात सकाळचीही राहून जाते. आठ दिवसांच्या तपात औषध असे नकळत, एकदम बंद होते आणि नंतरच्या अस्वस्थतेचे खापर अशक्तपणावर फुटते. यातून मार्ग निघू शकतो. बऱ्याच गोळ्या दिवसातून एकदाच घ्यावयाच्या असतात. त्यांची वेळ सूर्यास्तापूर्वी आणता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. कॅप्सूलच्या जिलेटिन आवरणाची अडचण वाटत असेल तर साध्या गोळीचा पर्याय आहे का, तेही विचारावे. आपल्या पच्चक्खाणांत आगारांची, म्हणजे सवलतींची, तरतूद पूर्वापार आहे. आजारपणात चित्ताची समाधी टिकावी म्हणून औषध घेणे हा त्यांतीलच एक आगार होय. त्याविषयी साधू-साध्वीजींना निःसंकोच विचारावे. मनाचा आजारही आजारच आहे.

औषध कमी करण्यासाठी काळही निवडावा लागतो. घरात लग्न, कारखान्यात वर्षअखेर, नुकताच झालेला वियोग, अशा दिवसांत हा प्रयोग नको. आपली झोप, भूक, चिडचिड यांची नोंद ठेवावी आणि घरातील एका व्यक्तीला आधीच सांगून ठेवावे, "माझ्यात बदल दिसला तर मला सांगा." पुष्कळदा तो बदल रुग्णाच्या आधी जोडीदाराला दिसतो. जीव नकोसा झाल्याचे विचार आले तर मात्र क्षणाचाही विलंब करू नये. छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. २०२२ साली सुरू झालेली शासनाची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य मिळते.

आता आपल्या त्या गृहस्थांकडे वळू. त्यांच्यापुढचा समंजस मार्ग असा दिसतो: पर्युषणाआधीच पत्नीला बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि अठाईची इच्छाही सांगावी. डॉक्टरांनी यंदा थांबण्यास सांगितले तर एकासन करावे आणि त्याच भोजनासोबत गोळी घेता येईल का, ते विचारून घ्यावे. मात्रा कमी करण्याचा विचार दिवाळीची धावपळ सरल्यावर करता येईल. त्या दिवशी डॉक्टरांसमोर पत्नींनीही बोलावे. गेल्या वर्षी रात्र रात्र त्यांनीही जागून काढली होती; या निर्णयात त्यांचाही शब्द असला पाहिजे.