विश्लेषण : पिकअपवर कॅम्पर चढवला, पाटे वाढवले की काम भागते का?

साकीनाक्याच्या खैरानी रोडपासून कुर्ल्यापर्यंतच्या पट्ट्यात हौदा बांधून देणारे, पत्रा वाकवणारे आणि पाट्यांचे काम करणारे गाळे जवळजवळ आहेत. त्यामुळे पिकअपच्या हौद्यात झोपायची फळी, छोटा ओटा आणि पाण्याची टाकी असलेली खोली, म्हणजेच कॅम्पर, बांधून घेणे इथे फारसे अवघड नाही. अडचण नंतर सुरू होते. कॅम्पर चढला की गाडी मागून बसते, दिवे आकाशाकडे बघू लागतात आणि पहिला सल्ला मिळतो तो ‘दोन पाटे वाढवा, काही होत नाही’ असा. हा सल्ला कधी योग्य असतो आणि कधी घाटात अंगाशी येतो?

आधी नावाचा एक घोळ. ‘बोलेरो कॅम्पर’ हे महिंद्राच्या दोन रांगांच्या केबिनवाल्या पिकअपचे नाव आहे. त्यात झोपायची सोय नसते. इथे विषय हौद्यात बसवलेल्या राहण्याच्या खोलीचा आहे, मग ती बोलेरो पिकअपवर असो, इसुझू व्ही-क्रॉसवर असो वा टोयोटा हायलक्सवर. या तिन्ही गाड्यांना मागे पाटेच आहेत, म्हणून प्रश्नही एकच आहे.

भाजीचा पिकअप आणि कॅम्पर यांत फरक काय?

वाशीच्या बाजारातून माल भरून निघालेला पिकअप अंधेरीत रिकामा होतो आणि परतीला हलका धावतो. त्याचे पाटे या दोन्ही अवस्थांसाठी बनवलेले असतात. रिकामा असताना तो गतिरोधकावर उड्या मारतो, भरल्यावर शांत होतो. कॅम्पर मात्र कधीच उतरत नाही. सोसायटीच्या आवारात महिनाभर गाडी उभी असली, तरी पाट्यांवर वजन असतेच. सतत दाबलेल्या पाट्याची कमान हळूहळू उतरते. शिवाय भाजीचे क्रेट हौद्यात खाली बसतात, तर कॅम्परची भिंत केबिनच्या वर जाते. वजन तेवढेच असले, तरी ते उंचावर गेल्याने वळणावर गाडी जास्त झुकते.

यात एक सोयही आहे. वजन ठरलेले असल्याने त्यासाठी नेमका पाटा निवडता येतो. फक्त ते वजन माहीत हवे, आणि बहुतेक जण ते न मोजताच गाळ्यात शिरतात.

मोजायचे काय?

गाडीच्या आरसीवर दोन आकडे असतात : रिकाम्या गाडीचे वजन आणि भारासह कमाल वजन. या दोघांतला फरक म्हणजे गाडीची अधिकृत भारक्षमता. त्यात कॅम्पर, पाणी, सामान आणि माणसे, सगळे आले. मालवाहू पिकअपमध्ये हा फरक मोठा असतो. बोलेरो पिकअपच्या काही मॉडेलांच्या नावातच १.३ टन, १.७ टन असे आकडे आहेत. खासगी नोंदणीच्या, गुबगुबीत सीटच्या डबल-कॅब गाड्यांची क्षमता मात्र अनेकदा त्याच्या निम्म्याहूनही कमी भरते. दिसायला गाडी दणकट, पण आरसी वाचली की उत्साह थोडा ओसरतो. मोठी चाके आणि उंच बॉनेट यांचा भारक्षमतेशी थेट संबंध नाही.

कॅम्परचे वजन कसे चढत जाते ते पाहा. आठ बाय चार फुटांची १२ मिलिमीटर प्लायची एक शीट साधारण २० ते २५ किलोची असते. भिंती, छत, फळ्या धरून आठ शीट लागल्या, तर १६० ते २०० किलो लाकडातच गेले. लोखंडी पाइपचा सांगाडा वेगळा. ६० लिटर पाणी म्हणजे ६० किलो. १०० अँपिअर-अवरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी २५ ते ३० किलोची. तेवढ्याच क्षमतेची लिथियम फॉस्फेट बॅटरी त्याच्या निम्म्याच्या आसपास. चार मोठी माणसे बसली, की आणखी पावणेतीनशे-तीनशे किलो. ‘हलका-फुलका कॅम्पर’ म्हणून सुरू झालेले काम सहज सहाशे किलोंच्या पुढे जाते.

म्हणून पहिला खर्च वजनकाट्याचा. तो सगळ्यात स्वस्तही आहे, आणि भंगार-लोखंडाचा धंदा असलेल्या भागात काटा शोधायला लांब जावे लागत नाही. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्यायची, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाके. टाकी भरलेली, सामान लावलेले, माणसे आत, अशाच अवस्थेत. अशाने प्रत्येक अ‍ॅक्सलवर किती भार आहे ते कळते. कॅम्पर अजून बांधायचा असेल, तर रिकाम्या गाडीचे तीन आकडे आधी घेऊन ठेवावेत.

अ‍ॅक्सलचा हिशेब वेगळा का, हे एका उदाहरणावरून समजेल. दोन अ‍ॅक्सलमधले अंतर तीन मीटर आहे आणि २०० किलोचे सामान मागच्या अ‍ॅक्सलच्या एक मीटर मागे ठेवले आहे, असे समजू. मागच्या चाकांवर २०० नव्हे, तर सुमारे २६७ किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे सुमारे ६७ किलो कमी होतात. म्हणजे स्टिअरिंग हलके पडते आणि ब्रेक मारताना पुढच्या चाकांची पकड घटते. पाण्याची टाकी आणि बॅटरी शेपटीला न ठेवता केबिनच्या पाठीला लावली, तर पाट्यांवरचा ताण तिथेच कमी होतो. या बदलाला सुताराचे दोन तास लागतात, म्हणूनच बहुधा तो कोणी सुचवत नाही.

गाळ्यात मिळणारे पर्याय

सगळ्यात प्रचलित म्हणजे पाटा वाढवणे. जुन्या संचात एक-दोन पाटे घातले की संच ताठ होतो. वजन मोजलेले असेल आणि वाढीव पाटा योग्य लांबीचा, त्याच रुंदीचा, योग्य कमानीचा असेल, तर कायमच्या भारासाठी हा चांगला उपाय आहे. कुठून तरी काढलेला आखूड, सपाट पाटा मध्ये सरकवला, तर जाडी वाढते, पण आधार नीट मिळत नाही. शेजारच्या पाट्यावर एकाच जागी ताण येतो आणि तो तिथेच मोडतो.

दुसरा, जुन्याच पाट्यांना ठोकून पुन्हा कमान देणे. गाडी त्या दिवशी उंच दिसते. पण थकलेले पोलाद थकलेलेच राहते, आणि कॅम्परसारख्या सततच्या भाराखाली ती कमान लवकर उतरते. पाट्याला वेल्डिंग करणे किंवा गॅसने तापवून वाकवणे तर टाळावेच. पाट्याचे पोलाद ठरावीक तापमानाला तापवून, थंड करून लवचिक केलेले असते. गॅसच्या ज्योतीत तो गुणच निघून जातो.

तिसरा पर्याय हवेच्या फुग्यांचा, म्हणजे एअर बॅगचा. चॅसी आणि अ‍ॅक्सल यांच्या मध्ये रबरी फुगे बसवून त्यांत हवा भरतात. डाव्या-उजव्या फुग्यांच्या नळ्या वेगळ्या ठेवल्या, तर एका बाजूला ओटा-टाकी आल्याने झुकलेली गाडी सरळ करता येते. पाट्यांना हे जमत नाही. मात्र पाट्यांचा संच चॅसीला पुढे आणि मागे अशा दोन जागी भार देतो, तर फुगा मधल्या एकाच जागी दाब आणतो. ऑस्ट्रेलियात डबल-कॅब पिकअपवर जड कॅम्पर लादून, फुगे फुगवून खडबडीत रस्त्यावर नेल्याने चॅसी मधोमध वाकल्याची प्रकरणे घडली आहेत. फुगा बसलेली गाडी सरळ करतो, म्हणून चालकाला ओव्हरलोड दिसतच नाही, हे त्यामागचे एक कारण. दोन-चार इंचांची झोल सावरण्यापुरते फुगे ठीक. पाट्यांची जागा त्यांना देऊ नये.

शॉक अ‍ॅब्सॉर्बर, गॅरेजच्या भाषेत शॉकअप, वजन उचलत नाहीत. पाटा दबून वर आला की त्याची झुलणी थांबवणे एवढेच त्यांचे काम. गतिरोधक ओलांडल्यावर गाडी दोन-तीनदा हेलकावत असेल, तर शॉकअप बदलावेत. मागून बसलेल्या गाडीला महागडे शॉकअप घालून काहीही होत नाही. वळणावर कॅम्पर डोलत असेल, तर त्यावर मागचा अँटी-रोल बार हा खरा इलाज आहे, पण तो बसवण्याची जागा प्रत्येक गाडीत नसते.

ब्रेकचा दांडा

सस्पेन्शनच्या चर्चेत ब्रेकचा विषय क्वचित निघतो, आणि सगळ्यात गंभीर चूक नेमकी तिथेच होते. अनेक पिकअपमध्ये मागच्या अ‍ॅक्सलपासून चॅसीपर्यंत एक बारीक दांडा असतो. तो एका व्हॉल्व्हला जोडलेला असतो. गाडी भरली की मागून बसते, दांडा सरकतो आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी रिकामी असेल तर दाब कमी, म्हणजे मागची चाके जाम होऊन गाडी फिरू नये.

आता पाटे वाढवले आणि सहाशे किलो घेऊनही गाडी रिकाम्या गाडीइतकी उंच राहिली. व्हॉल्व्हच्या दृष्टीने हौदा रिकामाच आहे. मागच्या ब्रेकला दाब कमी मिळतो, सगळा भार पुढच्या ब्रेकवर पडतो, आणि कसारा किंवा माळशेज घाट उतरताना ते तापून निष्प्रभ होऊ लागतात. पाटे घातल्यावर हा दांडा कंपनीच्या मापाप्रमाणे पुन्हा जुळवावा लागतो. आपल्या गाडीत तो आहे का आणि जुळवणी कोण करून देणार, हे पाट्यांचा सौदा ठरण्याआधी विचारायचे. मिस्त्रीने ‘तो दांडा काढून टाकू’ म्हटले, तर दुसरा गाळा बघावा.

टायरचेही तसेच. बाजूच्या भिंतीवर मापाशेजारी भाराचा निर्देशांक छापलेला असतो. १०४ म्हणजे एका टायरला ९०० किलो, ११२ म्हणजे १,१२० किलो, तेही पूर्ण हवेवर. मागच्या अ‍ॅक्सलचा काट्यावरचा आकडा दोन टायरांच्या बेरजेच्या जवळ जात असेल, तर पाट्यांआधी टायर बदलावे लागतात.

पाटे वाढवल्याने क्षमता वाढते का?

कागदावर नाही, आणि खऱ्या अर्थानेही नाही. अ‍ॅक्सल, बेअरिंग, ब्रेक, चॅसी सगळे पूर्वीचेच असते. आरसीवरचे कमाल वजन तेच राहते. ते ओलांडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार २० हजार रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे २ हजार रुपये दंड आहे.

कलम ५२ नुसार, कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी आरसीतील तपशील विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार अशा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. झिजलेला पाटा काढून त्याच मापाचा घालणे ही दुरुस्ती झाली. हौदा कापून कायमची खोली वेल्ड करणे म्हणजे गाडीचा बॉडी प्रकारच बदलणे. त्यासाठी काम सुरू करण्याआधी आरटीओची परवानगी लागते.

राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले आणि मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानकही आहे. पण त्या मानकानुसार कारखान्यात तयार होणारे वाहन आणि गाळ्यात हौद्यावर चढवलेली खोली यांना एका मापाने मोजले जात नाही. विम्याचा दावा करताना हा फरक पहिल्यांदा पुढे येतो. चालत्या गाडीत कॅम्परमध्ये माणसे बसवणे तर कुठल्याच परिस्थितीत नाही. सगळ्यांनी केबिनमध्येच बसायचे.

काम झाल्यावर

पाट्यांचा संच अ‍ॅक्सलला धरून ठेवणारे यू-बोल्ट एकदा ताणले गेले की पुन्हा तितके घट्ट बसत नाहीत, म्हणून संच उघडला तर ते नवेच घालावेत. संचाची जाडी वाढल्याने ते लांबही लागतात, आणि मधला सेंटर बोल्टही. शॅकलचे बुश त्याच वेळी बदलले, तर मजुरी एकदाच पडते. दिव्यांची उंची आणि व्हील अलाइनमेंट कॅम्पर चढलेल्या अवस्थेतच करून घ्यायची. नवे पाटे पहिल्या काही दिवसांत एकमेकांवर बसतात आणि यू-बोल्ट सैल पडतात. त्यामुळे दोन-चारशे किलोमीटरनंतर गाडी पुन्हा त्याच गाळ्यात नेऊन ते आवळून घ्यावे लागतात. बिल देताना ही दुसरी फेरी त्यातच धरली आहे का, हे विचारून ठेवलेले बरे.