फॉर्मल नाइटला काय घालायचं, काय नेसायचं?

क्रूझचा विषय निघाला की मला हमखास एक प्रश्न येतो. "त्या फॉर्मल नाइटसाठी सूट शिवावा लागेल का हो?" आणि पाठोपाठ दुसरा, "आईने काय, गाउन घालायचा?" काही जण तर सांगतात, त्या रात्री आम्ही आपले खोलीतच बसू. अहो, त्या जेवणाचे पैसे तुम्ही तिकिटातच भरलेत! म्हणून आजचा भाग यावरच.

आधी ही प्रथा आली कुठून ते बघू. अटलांटिक ओलांडायला जहाजाशिवाय पर्याय नव्हता, त्या काळात पहिल्या वर्गाचे प्रवासी रात्रीच्या जेवणाला नटूनथटून येत. पहिल्या आणि शेवटच्या रात्री मात्र सगळ्यांना सूट, म्हणजे सवलत बरं का, कोट नव्हे! कारण तेव्हा कपडे पेट्यांमध्ये असायचे. तोच हिशेब आजही दिसतो. फॉर्मल नाइट बहुधा जहाज दिवसभर समुद्रात असतं त्या दिवशी ठेवतात. लोकांना तयार व्हायला वेळ मिळतो. पहिल्या रात्री सहसा नसते, कारण मोठ्या बॅगा खोलीवर पोचायला संध्याकाळ होऊ शकते.

आता नियम. सगळ्या कंपन्यांचे सारखे नसतात, आणि घोळ होतो तो इथेच. क्युनार्ड सगळ्यात कडक. त्यांचं 'क्वीन मेरी 2' साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला साधारण 7 रात्रींत जातं आणि त्यात बहुतेक वेळा दोन 'गाला इव्हनिंग' असतात. पुरुषांना डिनर जॅकेट किंवा गडद सूट, बायकांना संध्याकाळचा भारी पोशाख. याच्या अगदी उलट नॉर्वेजियन क्रूझ लाइन. तिथे नटायची सक्तीच नाही. रॉयल कॅरिबियन, प्रिन्सेस वगैरे मधल्या. म्हणून तिकीट काढतानाच विचारा : फॉर्मल रात्री किती आणि कुठल्या?

आणि आता मुद्द्याची गोष्ट. क्युनार्डसारखी कडक कंपनीसुद्धा आपापल्या देशाचा औपचारिक पोशाख चालवून घेते. म्हणजे आईची पैठणी, कांजीवरम, बाबांचा बंदगळा, हे सगळं 'फॉर्मल'च आहे. नियमात बसवून घेतलेलं नाही, मुळातच बसणारं. माझा साधा ठोकताळा असा : जे घालून तुम्ही घरच्या लग्नात पहिल्या रांगेत बसाल, ते इथे चालतं. एका रात्रीसाठी सूट शिवून तो पुढची दहा वर्षं कपाटात टांगायची काही गरज नाही.

फक्त जहाज म्हणजे लग्नाचा हॉल नव्हे, एवढं लक्षात ठेवायचं. जमीन हलते! उंच, बारीक टाचा नकोत. सपाट किंवा रुंद टाचेच्या चपला बऱ्या. सहावारी नेसलात तर निऱ्या किंचित वर घ्या आणि पिना जास्त ठेवा. नऊवारी नेसता येत असेल तर फारच छान, काष्ट्यामुळे पाय मोकळे राहतात, जिने चढायला सोपं. डायनिंग हॉलमध्ये एसी चांगलाच गार असतो, तेव्हा शेला किंवा शाल हवीच. पुरुषांनी उघड्या चपला टाळा. बंदगळ्यावर बंद बूट किंवा मोजडी घाला.

इस्त्रीचं काय? बहुतेक जहाजांवर खोलीत स्वतःची इस्त्री आणायला बंदी असते, कारण आगीची भीती. सापडली तर काढून घेतात आणि उतरताना परत देतात. तेव्हा कपडे पोचल्या पोचल्या टांगून ठेवा, नाहीतर पैसे देऊन जहाजावरच इस्त्री करून घ्या. पैठणी मलमलच्या कापडात गुंडाळून न्या आणि जरीवर अत्तर, स्प्रे मारू नका; जर काळी पडते. पहिल्या रात्रीचे कपडे आणि औषधं हातातल्या बॅगेत ठेवा.

आणि समजा, एखाद्या रात्री नटायचा कंटाळाच आला तर? खुशाल नटू नका. बुफे सुरू असतो, तिथे साध्या नीटनेटक्या कपड्यांत जेवता येतं. मोठ्या डायनिंग हॉलमध्ये मात्र हाफ पँट, फाटकी जीन्स घालून जाऊ नका, दारातूनच परत पाठवू शकतात. त्या दिवशी काय घालायचं ते रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत किंवा जहाजाच्या अ‍ॅपवर लिहिलेलं असतं.

तर मंडळी, बॅग भरण्याआधी दुकानात नको, घरातलं कपाट उघडा. आणि आईला सांगा, गाउनची काळजी सोड, ठेवणीतली काढ. तुमचे प्रश्न पाठवत राहा. पुढच्या भागात भेटूच!