यादीत नाव असणं : परदेशी रहिवाशाच्या नजरेतून जपान

संयोजकांनी आजच्या व्याख्यानाला आधी 'जपानी शिस्त' असं नाव सुचवलं होतं. आम्ही ते बदलून घेतलं. शिस्त हा शब्द चुकीचा आहे असं नाही, पण तो पर्यटकाचा शब्द आहे. आठ दिवस फिरून गेलेल्या माणसाला वेळेवर येणाऱ्या गाड्या दिसतात, स्वच्छ रस्ते दिसतात, सरळ रांगा दिसतात, आणि घरी परत गेल्यावर तो सांगतो, 'हे त्यांच्या रक्तातच आहे हो!'

आम्ही दोघं 2010 सालापासून टोकियोच्या पूर्व भागात, एदोगावा वॉर्डातल्या निशिकासाईला राहतो. 2000 सालाच्या आसपास संगणक क्षेत्रातले भारतीय इंजिनिअर इथे यायला लागले, आणि आज हा भाग भारतीयांची वस्ती म्हणून ओळखला जातो. इतकी वर्षं राहून आमचं मत असं झालंय की रक्ताबिक्तात काही नसतं. एक यादी असते. यादीत ज्याचं नाव, त्याची पाळी येते. आणि ज्याची पाळी येते, तो त्या जागेचा माणूस. नाव नसेल तर लोक कितीही अदबीने वागोत, तुम्ही पाहुणेच. जपानीत 'ओक्याकुसान' असा शब्द आहे. त्याचा अर्थ पाहुणाही होतो आणि गिऱ्हाईकही होतो. दोघांचाही मान ठेवतात, पण दोघांनाही कुणी झाडू हातात देत नाही.

कचऱ्यापासून सुरुवात

आमच्या वॉर्डात जळणारा कचरा आठवड्यातून दोनदा नेतात. बाटल्या, डबे, कागद असा पुन्हा वापरता येणारा माल आठवड्यातून एकदा, आणि न जळणारा कचरा महिन्यातून दोनदा. सकाळी आठच्या आत पिशवी ठरलेल्या कोपऱ्यावर ठेवायची. आतलं दिसेल अशी पिशवी हवी. कावळे फाडतात म्हणून वरून जाळी टाकायची. चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी गाडीवाले नेत नाहीत. तिच्यावर कारणाचा स्टिकर चिकटवून ती तिथेच सोडतात. पोलीस येत नाही, कुणी ओरडत नाही. पण आख्ख्या गल्लीला दिसत राहते, ही पिशवी कुणाची!

आता ती जाळी पसरतं कोण? गाडी गेल्यावर कोपरा धुतं कोण? तर आपण. गल्लीतली घरं आळीपाळीने. या पाळीला 'तोबान' म्हणतात. आमच्या गल्लीत दोरी लावलेली एक छोटी पाटी आहे. ती या दारावरून त्या दारावर जाते. ज्याच्या दाराला पाटी, त्या आठवड्याचं काम त्याचं.

पहिली दोन वर्षं ती पाटी आमच्या दाराला लागलीच नाही. शेजारच्या आजी ती आमचं दार सोडून पुढच्या घरी नेऊन अडकवायच्या. आम्हाला वाटायचं, किती चांगुलपणा! शेवटी एकदा धीर करून विचारलं. आजी म्हणाल्या, 'तुम्हाला उगाच त्रास नको म्हणून.' पुढच्याच आठवड्यात पाटी आमच्याकडे आली. आणि त्यानंतर आणखी एक गोष्ट झाली. गल्लीतल्या लोकांनी आम्हाला सकाळी नुसती मान लववून नमस्कार करणं सोडलं आणि बोलायला सुरुवात केली. आज पाऊस येईल का, तुमच्या मुलाला ताप होता ना, असं. मुद्दा लक्षात घ्या. आम्हाला कुणी वाईट वागवत नव्हतं. आम्हाला फक्त वगळलं होतं, आणि तेही प्रेमाने.

याच संदर्भात आणखी एक. रस्त्यावर कचरापेट्या का दिसत नाहीत, असं प्रत्येक पाहुणा विचारतो. लोक कचरा खिशात घालून घरी नेतात हे खरं आहे. पण 20 मार्च 1995 रोजी ओम शिनरिक्यो या पंथाच्या लोकांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन हा विषारी वायू सोडला. त्यानंतर सुरक्षेसाठी स्टेशनांवरच्या आणि सार्वजनिक जागांवरच्या पेट्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्या. म्हणजे ज्याला आपण 'संस्कृती' म्हणतो, त्यामागे बरेचदा एखादी घटना असते, एखादा निर्णय असतो.

शाळेतला झाडू

जपानी शाळेत मुलं वर्ग झाडतात, ओले फडके घेऊन जमीन पुसतात, हे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. जेवणसुद्धा मुलंच वाढतात. पांढरे झगे, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, आणि पाळी ठरलेली. आमच्या मुलाने पहिलीत असताना घरी येऊन ऐटीत सांगितलं होतं, 'उद्या सूप मी वाढणार आहे.' वर्गात तो एकटाच भारतीय होता, पण सूप वाढणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव इतरांसारखंच लागलं होतं. भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलाला तिथे पाहुणा म्हणून कुणी बाजूला बसवलं नाही.

ही सवय शिकवता येते, याचा पुरावा जपानबाहेर आहे. अशा वर्गकामाला जपानी अभ्यासक्रमात 'तोक्कात्सु' म्हणतात. इजिप्तने जपानच्या मदतीने ही पद्धत घेतली आणि 2018 पासून तशा शाळा सुरू केल्या. रक्ताची गोष्ट असती तर कैरोत कशी चालली असती?

पण इथेही यादीचा प्रश्न आहेच. जपानमध्ये नऊ वर्षांचं सक्तीचं शिक्षण आहे. ती सक्ती जपानी नागरिकांच्या मुलांपुरती आहे. परदेशी मुलाला सरकारी शाळेत फुकट प्रवेश मिळतो, पण पालकांनी मागितला तर. मागितला नाही, तर जपानी मूल गैरहजर राहिल्यावर जशी विचारणा होते तशी होईलच असं नाही. शिक्षण मंत्रालयाने 2019 साली पहिल्यांदा देशभर मोजणी केली, तेव्हा सुमारे 20 हजार परदेशी मुलं बहुधा कुठल्याच शाळेत जात नसावीत, असं निघालं. त्यांना कुणी शाळेतून हाकललं नव्हतं. ती कुणाच्या यादीत नव्हती, एवढंच.

सीलला दाखला, माणसाला नाही

आता खरी सरकारी यादी. जपानमध्ये प्रत्येक रहिवाशाची नोंद महापालिकेत किंवा वॉर्ड ऑफिसात असते. तिच्या दाखल्याला 'जूमिनह्यो' म्हणतात. पूर्वी परदेशी माणसाची नोंद या वहीत होत नसे. आमच्यासाठी वेगळी वही होती, परदेशी लोकांची. कर भरा, विमा भरा, वीस वर्षं राहा, वही वेगळीच. जपानी बाई आणि परदेशी नवरा असेल, तर घराच्या दाखल्यावर बायको आणि मुलं दिसायची, नवरा मात्र दिसायचा नाही.

2002 सालच्या ऑगस्टमध्ये टोकियोजवळच्या तामा नदीत एक दाढीवाला सील मासा... मासा नव्हे, सील हा सस्तन प्राणी, तो दिसला. लोकांनी त्याचं लाडाने नाव ठेवलं तामाचान. टीव्हीवर रोज तामाचान. पुढे 2003 साली योकोहामाच्या निशी वॉर्डाने या सीलला मानाचा रहिवासी दाखला दिला! कौतुक म्हणून, गंमत म्हणून. तेव्हा तिथल्या काही परदेशी रहिवाशांनी चेहऱ्यावर सीलसारख्या मिशा रंगवल्या आणि निदर्शनं केली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. सीलला दाखला मिळतो, मग इतकी वर्षं कर भरणाऱ्या आम्हाला का नाही?

ही वेगळी वही जुलै 2012 मध्ये बंद झाली. त्या महिन्यापासून परदेशी रहिवाशांची नोंद जपानी रहिवाशांबरोबर एकाच वहीत होऊ लागली. आम्ही तेव्हा नव्या नियमाचा पहिला दाखला काढायला वॉर्ड ऑफिसात गेलो होतो. खिडकीवरच्या बाईंनी कागद दिला, शुल्क घेतलं, पुढचा नंबर पुकारला. समारंभ काही नाही. पण घरी येऊन तो कागद आम्ही बराच वेळ बघत बसलो होतो.

यादीबाहेर राहिल्यावर काय होतं

कागदाला इतकं महत्त्व कशाला, असं कुणी विचारेल. आमचा वॉर्ड सखल आहे. सुमारे 70 टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. 2019 साली वॉर्डाने पुराचा नकाशा घरोघर वाटला, त्यात मोठा पूर यायचा असेल तेव्हा इथे थांबू नका, वॉर्डाबाहेर जा, असं सरळ सांगितलं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हागिबिस वादळ आलं, आणि आम्ही मुलाला घेऊन एका शाळेतल्या निवाऱ्यात गेलो. तिथे गल्लीतल्या लोकांनी चटई सरकवून जागा केली, कारण ते आम्हाला ओळखत होते.

त्याच वादळात तैतो वॉर्डातल्या एका निवाऱ्याने बेघर माणसांना दारातून परत पाठवलं. कारण काय, तर ते त्या वॉर्डाचे नोंदलेले रहिवासी नव्हते. ही माणसं जपानीच. देशभर टीका झाली, वॉर्डप्रमुखांनी माफी मागितली. पण त्या दारात उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला आम्ही नुसतं दुष्ट म्हणणार नाही. त्याच्या हातात यादी होती आणि समोरचा माणूस यादीत नव्हता. या समाजाची ताकद आणि त्याचा दोष, दोन्ही एकाच जागी आहेत, असं आम्हाला वाटतं.

घर भाड्याने घेतानाही हेच. जामीनदार लागतो, नाहीतर पैसे देऊन हमी देणारी कंपनी लागते. शिवाय 'रेइकिन' म्हणून मालकाला आभारादाखल रक्कम देण्याची जुनी रीत आहे, ती परत मिळत नाही. हे सगळं द्यायची तयारी असूनही नकार येतो. न्याय मंत्रालयाने 2017 साली जाहीर केलेल्या पाहणीत, मागच्या पाच वर्षांत घर शोधलेल्या परदेशी लोकांपैकी सुमारे 40 टक्के लोकांनी सांगितलं की परदेशी म्हणून आपल्याला नकार मिळाला. आम्हालाही मिळालाय, तीनदा. दलाल फोनवर हळू आवाजात बोलतो, मग फोन ठेवून आपल्यासमोर खोल वाकून माफी मागतो. राग तरी कुणावर काढायचा? मालक सांगतात, परदेशी लोक कचऱ्याचे नियम पाळत नाहीत. पण ज्याच्या दाराला पाटीच लागू देत नाही, तो नियम शिकणार कुठून? एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या जपानी माणसालाही घर द्यायला मालक कचरतात. आणि आपण पुण्या-मुंबईकडे भाडेकरूला आडनाव विचारतो, काय खाता ते विचारतो. तेव्हा हा आजार एकट्या जपानचा आहे असं आम्ही म्हणणार नाही.

नाव लागलं, तरी पुरतं का?

इथे आमच्याच मताला एक छेद द्यायला हवा. होक्काइदोतल्या ओतारू शहरात एका सार्वजनिक स्नानगृहाने परदेशी लोकांना प्रवेश बंद केला होता. तिथे अडवलेल्यांपैकी एक मूळचा अमेरिकन गृहस्थ पुढे रीतसर जपानी नागरिक झाला, कागद घेऊन पुन्हा गेला, तरी त्याला आत घेतलं नाही. कारण तो दिसायला जपानी नव्हता. 2002 साली साप्पोरोच्या जिल्हा न्यायालयाने हा भेदभाव ठरवला आणि तिघा फिर्यादींना प्रत्येकी 10 लाख येन भरपाई द्यायला लावली. म्हणजे सरकारी यादीत नाव लागलं तरी लोकांच्या मनातल्या यादीत लागतंच असं नाही. तिथे ते रोजच्या कामातून लावावं लागतं, आणि त्याला वर्षं लागतात.

मग नागरिकत्व घ्यायचं का? आमच्या घरात सध्या यावरच चर्चा चालते. जपान दुहेरी नागरिकत्वाला मान्यता देत नाही, भारतही देत नाही. एक घ्यायचं तर दुसरं सोडायचं. मुलगा इथे जन्मला, पण इथे जन्मल्याने जपानी नागरिकत्व मिळत नाही, आईवडिलांपैकी एकजण जपानी असावा लागतो. परदेशी रहिवाशाला मत नाही. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की कायमच्या रहिवाशांना स्थानिक निवडणुकीत मत देणारा कायदा केला तर राज्यघटना आड येत नाही. असा कायदा अजून झालेला नाही. दुसरीकडे, महाराष्ट्रातून आलेले योगेंद्र पुराणिक जपानी नागरिक झाले आणि 2019 साली आमच्याच एदोगावा वॉर्डाच्या सभागृहात निवडून आले. त्या निवडणुकीत आमच्या जपानी शेजाऱ्यांनी मतदान केलं. आम्ही खिडकीतून प्रचाराची गाडी पाहिली.

2024 च्या अखेरीस जपानमध्ये सुमारे 37.7 लाख परदेशी रहिवासी होते, लोकसंख्येच्या जेमतेम तीन टक्के. पासष्टीच्या पुढचे लोक मात्र 29 टक्क्यांच्या आसपास. दुकानात, कारखान्यात, वृद्धांच्या शुश्रूषेत हात हवे आहेत. आणि तरीही जुलै 2025 च्या निवडणुकीत 'जपानी आधी' अशी घोषणा देणाऱ्या सान्सेइतो पक्षाला वरिष्ठ सभागृहात 14 जागा मिळाल्या. निकालाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या मुलाने जेवताना विचारलं, 'आधी ते, मग आपण कितवे?' आमच्याकडे उत्तर नव्हतं, आणि आजही नाही.

तेव्हा, जपानला राहायला येणाऱ्यांना आमचं सांगणं एवढंच. भाषा शिकाच. पण पहिल्या महिन्यातच शेजाऱ्याला विचारा, इथली पाळीची यादी कुठे असते, आणि आमचं नाव त्यात घालाल का? आपणहून विचारलं नाही तर कुणी बोलावणार नाही, कारण त्यांना तो तुम्हाला त्रास दिल्यासारखं वाटतं. आणि जपानी श्रोते असतील तर त्यांना विनंती, आम्हाला थोडा त्रास द्या.

आता प्रश्न घेऊ, पण थोडकेच. तुमच्याकडे रात्रीचे आठ वाजलेत, इथे साडेअकरा. या आठवड्यात पाटी आमच्या दाराला आहे, आणि उद्या जळणाऱ्या कचऱ्याचा दिवस आहे.